आवर्तन

सॉफ्टवेअर क्षेत्रात काम करणाऱ्या मराठी तरुणांशी बोलण्याचा योग आला की ‘इटरेशन’ हा शब्द हमखास कानांवर पडतो. मोठे काम एकदाच आखून एकदाच पुरे करायचे नाही. त्याचे दोन-चार आठवड्यांचे भाग पाडायचे, प्रत्येक भागाच्या अखेरीस वापरणाऱ्याच्या हाती चालणारे काहीतरी द्यायचे, त्याचे म्हणणे ऐकायचे आणि मगच पुढचा भाग आखायचा, असा त्याचा साधारण अर्थ. या शब्दासाठी मराठी प्रतिशब्द घडवण्याची गरज मला वाटली नाही, कारण तो कालव्याच्या काठी केव्हापासून रुळलेला आहे. धरणात पाणी किती, शेतात पीक कोणते, हे पाहून पाटबंधारे खाते एक आवर्तन सोडते. ते संपले की शिल्लक साठा पाहून पुढचे ठरवते. हंगामाचे सगळे पाणी पहिल्याच दिवशी सोडणारा अभियंता अजून माझ्या पाहण्यात नाही. सरकारी सॉफ्टवेअर प्रकल्प मात्र पुष्कळदा नेमके तसेच आखले जातात.

मी केंद्र सरकारच्या सेवेत आहे आणि सध्या रायपूरला आहे. शिक्षण अर्थशास्त्राचे. प्रोग्रॅम लिहिण्याचे ज्ञान मला नाही; परंतु संगणकीकरणाच्या प्रस्तावांवर टिपण्या लिहिण्यात आणि त्यांच्या आढावा बैठकांत बसण्यात नोकरीची बरीच वर्षे गेली. महाराष्ट्राबाहेर असलेल्या वाचकांना रायपूरविषयी थोडे सांगायला हवे. नागपूरकर भोसल्यांचा अंमल या प्रदेशावर होता आणि त्याच्या खुणा तात्यापाऱ्यासारख्या मोहल्ल्यांच्या नावांत आजही आहेत. चौबे कॉलनीत महाराष्ट्र मंडळ आहे. पण इथले खरे राज्य धानाचे. (पश्चिम महाराष्ट्रात ज्याला आपण भात म्हणतो त्याला विदर्भात आणि इथे धान म्हणतात.) छत्तीसगढला ‘धान का कटोरा’ म्हणतात ते काही केवळ कौतुकाने नव्हे. २०२४-२५ च्या हंगामात राज्याने २५ लाखांहून अधिक शेतकऱ्यांकडून सुमारे १४९ लाख टन धान किमान आधारभूत किंमत योजनेखाली विकत घेतले.

या खरेदीचे संगणकीकरण २००७ साली झाले. ते एनआयसीच्या रायपूर येथील राज्य शाखेने केले. त्या वेळी दीड हजारांहून अधिक खरेदी केंद्रे होती आणि ती चालवीत होत्या गावोगावच्या प्राथमिक कृषी पत संस्था. शेतकरी बैलगाडीतून किंवा ट्रॅक्टरमधून धान आणणार, ओलावा १७ टक्क्यांच्या आत आहे की नाही ते पाहिले जाणार, ४० किलोंच्या कट्ट्यांत वजन होणार आणि पैसे मिळणार. कागदावर हे चार ओळींचे काम. प्रत्यक्षात वजनाची नोंद एका वहीत, पैशांची दुसऱ्या, गिरणीवाल्याने उचललेल्या मालाची तिसऱ्या आणि भारतीय अन्न महामंडळात जमा झालेल्या तांदळाची चौथ्या कार्यालयात, आणि या चारांचा मेळ लागेपर्यंत पुढचा हंगाम उभा. मधल्या मधे धान कुठे गेले हे कोणालाच निश्चित सांगता येत नसे, आणि ज्यांना सांगता येत होते ते सांगत नसत.

या यंत्रणेविषयी जे लिहिले गेले ते बहुधा तिच्या यशाविषयी. मला अधिक कुतूहल आहे ते पहिल्या हंगामात काय केले गेले आणि काय लांबणीवर टाकले गेले याचे. गावांत तेव्हा इंटरनेट नव्हते. चोवीस तास जोडलेली यंत्रणा हवी असा हट्ट धरला असता, तर तारा आणि मनोरे उभे राहीपर्यंत पाच-सात हंगाम निघून गेले असते. म्हणून सोसायटीतील संगणकावर जोडणीशिवाय चालणारा प्रोग्रॅम बसवला गेला. दिवसभराच्या नोंदी जिथे शक्य तिथे टेलिफोनच्या तारेवरून आणि जिथे शक्य नाही तिथून मोटारसायकलस्वाराच्या हाती जवळच्या जोडणीकेंद्रावर पाठवल्या जात. संगणकयुगात हा जासूद पाहून कोणाला हसू येईल. परंतु शेतकऱ्याला त्याच्याशी कर्तव्य नव्हते. त्याच्या हाती पडला तो संगणकाने छापलेला धनादेश. धान टाकले आणि पैशांसाठी खेटे घालावे लागले नाहीत, एवढा एक बदल त्याला पहिल्याच हंगामात दिसला. पुढे जोडणी आली, पैसे थेट बँक खात्यात जाऊ लागले, धनादेश छापणारा प्रोग्रॅम अडगळीत गेला. पहिल्या आवर्तनातील काम पुढच्यात टाकून द्यावे लागणे हे त्या काळाचे अपयश मानायचे कारण नाही. फ्रेड ब्रूक्स यांनी आयबीएममधील मोठ्या प्रकल्पाच्या अनुभवावरून १९७५ सालीच लिहून ठेवले होते की पहिली प्रत तुम्ही टाकूनच देणार आहात, तेव्हा तशी तयारी ठेवा.

माझ्या मते या प्रकल्पाचे खरे नियोजन कोण्या अधिकाऱ्याने केलेच नाही. ते पिकाने केले. कापणी झाली की धान घरात ठेवायला छोट्या शेतकऱ्याकडे जागा नसते आणि सावकार दारात असतो. खरेदी कधी १ नोव्हेंबरला, कधी महिन्याच्या मध्यावर, कधी १ डिसेंबरला सुरू होते आणि साधारण जानेवारीअखेर संपते. सुरुवातीची तारीख एकदा जाहीर झाली की ती पुढे ढकलणे ही राजकीयदृष्ट्या जवळजवळ अशक्य गोष्ट असते. म्हणजे सॉफ्टवेअर तयार असो वा नसो, ट्रॅक्टर येऊन उभे राहणारच. अशा वेळी प्रश्न एकच उरतो: या तारखेपर्यंत काय होईल आणि काय होणार नाही? उन्हाळ्यातच कोणाला तरी बसून यादीतील निम्मी कलमे खोडावी लागतात. हंगामात सापडलेल्या चुका फेब्रुवारीनंतर दुरुस्त करायच्या आणि त्या दुरुस्तीची परीक्षा पुन्हा नोव्हेंबरातच.

याच यंत्रणेचे दुसरे अंग रेशनचे. खरेदी झालेल्या धानाचा तांदूळ होऊन तो रास्त भावाच्या दुकानांत जातो. २००४ च्या नियंत्रण आदेशाने राज्याने दुकाने खाजगी परवानेदारांकडून काढून पंचायती, सहकारी संस्था आणि महिला बचत गटांकडे दिली होती. ते आधी झाले आणि संगणक नंतर आला, हा क्रम फार महत्त्वाचा आहे. दुकानदार तेच राहिले असते तर संगणकाने फक्त सुबक खोटे आकडे छापले असते. मग शिधापत्रिकांची एकत्रित माहिती तयार झाली, पिवळ्या रंगाचे ट्रक आले, गोदामातून ट्रक निघाला की नाव नोंदवलेल्या नागरिकांच्या मोबाइलवर संदेश येऊ लागला. महिन्याच्या ७ तारखेच्या ‘चावल उत्सवा’पर्यंत धान्य दुकानात पोचायला हवे, असा दंडक. म्हणजे एकाच यंत्रणेत दोन आवर्तने चालली: धानाचे वर्षातून एकदा, रेशनचे बारा वेळा. रेशनमधली चूक पुढच्या महिन्यात सुधारता येते. धानातली चूक वर्षभर सांभाळावी लागते. कोणते काम आधी धीटपणे करून पाहावे आणि कोणते जपून, याचा याहून चांगला निकष मला कोणत्याही पाठ्यपुस्तकात आढळला नाही.

पाठ्यपुस्तकांचा विषय निघालाच आहे, तर आमच्या शास्त्राविषयी दोन शब्द. आवर्तनाने नियोजन ही सॉफ्टवेअरवाल्यांची मिरास नव्हे. हंगेरीच्या यानोश कोरनाई यांनी गणितज्ञ लिप्ताक यांच्यासह १९६५ साली द्विस्तरीय नियोजनाची रीत मांडली: केंद्राने साधने तात्पुरती वाटायची, प्रत्येक क्षेत्राने आपल्याकडे त्या साधनाचे मोल किती ते कळवायचे, केंद्राने पुन्हा वाटप बदलायचे आणि असे करीत करीत योग्य आराखड्याजवळ पोचायचे. आपल्या देशात दुसऱ्या पंचवार्षिक योजनेला परकीय चलनाच्या टंचाईने दोनच वर्षांत गाभ्यापुरते आखडते घ्यावे लागले. १९६६ ते १९६९ तर योजनेलाच सुट्टी होती आणि त्याच काळात, १९६७ साली, आपले धनंजयराव गाडगीळ नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले. १९७८ साली जनता सरकारने ‘सरकती योजना’ आणली. दर वर्षी मागचे वर्ष पाहून पुढची पाच वर्षे नव्याने आखायची, ही कल्पना तत्त्वतः निर्दोष होती. तिच्यावरील आक्षेपही तितकाच सबळ होता: उद्दिष्टच दर वर्षी पुढे सरकत असेल तर ते गाठले नाही याचा जाब कोणाला विचारायचा? १९८० साली सरकार बदलले आणि सरकती योजना गेली. आक्षेप मात्र राहिला, आणि सॉफ्टवेअरलाही तो तंतोतंत लागू पडतो.

उलट्या रीतीचा, म्हणजे सर्व काही आधी लिहून घेऊन शेवटी एकदम उघडण्याचा, जनकही बिचारा विनाकारण बदनाम आहे. विन्स्टन रॉइस यांच्या १९७० च्या निबंधात ती पायऱ्यांची आकृती आहे खरी. पण ही रीत धोक्याची आहे असे त्यांनी तिथेच म्हटले होते आणि काम दोनदा करावे असा सल्लाही दिला होता. सरकारांनी आकृती घेतली, सल्ला सोडला. १ ऑक्टोबर २०१३ रोजी अमेरिकेने आरोग्यविम्याचे संकेतस्थळ देशभर एकाच दिवशी उघडले, तेव्हा पहिल्या दिवशी नोंदणी पूर्ण करू शकलेल्या माणसांची संख्या सहा होती. श्रीमंत देशालाही हा नियम चुकत नाही, याचे आम्हा भारतीय अधिकाऱ्यांना जरा अधिकच समाधान वाटले असावे.

आमच्याकडे अडचण बुद्धीची नाही, निविदेची आहे. सार्वजनिक पैसा खर्च करायचा तर आधी काय विकत घेणार ते लिहावे लागते. तसे न लिहिता दर मागवता येत नाहीत आणि दर तुलनीय नसतील तर लेखापरीक्षक विचारणारच. हा नियम मूर्खपणाचा नाही. तो खुर्च्या, पोलाद आणि पुलांसाठी उत्तम आहे. काही वर्षांपूर्वी एका कार्यालयातील अशा प्रकल्पाची फाईल माझ्याकडे अभिप्रायासाठी आली होती. कार्यालयाचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. गरजांचा दस्तऐवज चारशे पानांचा, प्रत्येक पानावर तीन स्वाक्षऱ्या. तो तयार व्हायला दीड वर्ष आणि त्याबरहुकूम काम व्हायला आणखी दोन वर्षे लागली. दरम्यान नियम बदलले होते, दोन शाखा एकत्र झाल्या होत्या आणि मूळ अर्जाचा नमुनाच रद्द झाला होता. कंत्राटदाराने चारशे पानांत लिहिलेले सर्व दिले होते. बदलांसाठी त्याने जादा रक्कम मागितली. वित्त शाखेने विचारले की गरज आधी का कळली नाही. आणि या प्रश्नाला सरकारी भाषेत उत्तर नाही. शाखेतील कारकून तोवर आपले जुने रजिस्टर इमानेइतबारे भरीत होते. संगणकात सायंकाळी एकदा, रजिस्टरात दिवसभर.

त्या फाईलमध्ये मला एक गोष्ट कुठेच सापडली नाही: अमुक काम आम्ही या टप्प्यात करणार नाही, असे कोणी लिहून त्याखाली सही केल्याचे. सरकारात समाविष्ट करण्यावर सही करणे सोपे असते, कारण त्याचा जाब लगेच कोणी विचारत नाही. वगळण्यावर सही करणारा माणूस लगेच दिसतो. म्हणून याद्या फुगतात आणि तारखा सरकतात. रायपुरात तारीख सरकू शकत नव्हती, म्हणून यादीला आखडावे लागले. शिवाय काम एनआयसीचे, म्हणजे सरकारातलेच. प्रत्येक बदलासाठी नवा करार नव्हता. अन्न विभागाचा अधिकारी आणि प्रोग्रॅम लिहिणारा अधिकारी एकाच शहरात होते, हेही विसरता कामा नये. या रीतीचीही किंमत असते. सगळे ज्ञान थोड्या माणसांच्या डोक्यात राहते आणि तशा माणसांची बदली म्हणजे प्रकल्पावरचे संकट. परंतु चारशे पानांच्या दस्तऐवजातही ज्ञान सुरक्षित राहते असा माझा अनुभव नाही.

तारीख ठरलेली असली तरी नियम ठरलेले असतातच असे नाही. २०२३-२४ चा हंगाम घ्या. खरेदी १ नोव्हेंबर २०२३ रोजी सुरू झाली ती एकरी २० क्विंटलच्या मर्यादेने. आधी ती १५ होती. त्याच महिन्यात विधानसभेची निवडणूक झाली, डिसेंबरात नवे सरकार आले आणि मर्यादा एकरी २१ क्विंटल झाली. हंगाम ऐन भरात असताना. निवडणुकीतील आश्वासन पाळले गेले, त्यात आक्षेपार्ह काही नाही. पण यंत्रणेच्या दृष्टीने पाहा: ज्याने २० क्विंटलप्रमाणे आपले सगळे धान आधीच टाकले, त्याचा उरलेला एकेक क्विंटल कसा मोजायचा? त्याला पुन्हा टोकन कोण देणार? बारदान पुरेल काय? असा बदल आठवड्यात पचवायचा तर मर्यादेचा आकडा प्रोग्रॅमच्या पोटात खोल पुरून चालत नाही. तो एका तक्त्यात, सहज बदलता येईल असा ठेवलेला असावा लागतो. उद्या काय बदलेल हे कोणीच सांगू शकत नाही. पण काय बदलण्याजोगे आहे, हे अनुभवी माणूस सांगू शकतो. तमाम सरकारी यंत्रणांत एकरी मर्यादा, दर आणि तारखा या तीन गोष्टी मंत्रिमंडळाच्या हाती असतात, एवढे ध्यानात ठेवले तरी निम्मे काम होते.

रेशनच्या बाजूला २०१२ साली रायपूर शहरात जो प्रयोग झाला तोही याच स्वभावाचा होता. ‘कोअर पीडीएस’ हे त्याचे नाव, ‘मेरी मर्जी’ ही त्याची लोकांना कळणारी ओळख: कार्डधारकाने कोणत्याही सहभागी दुकानातून आपला तांदूळ घ्यावा. सुरुवात शहरातल्या निवडक दुकानांपासून झाली. वाईट वागणाऱ्या दुकानदाराला सोडून शेजारच्या दुकानात जाता येणे, ही गरीब माणसाच्या हाती आलेली फार मोठी सत्ता आहे. २०१९ पासून देशभर टप्प्याटप्प्याने आलेल्या ‘एक देश, एक रेशनकार्ड’ योजनेच्या कितीतरी आधी ती इथे अजमावली गेली. मात्र ज्या गावात दुकानच एक, तिथे निवडीचा अधिकार कशासाठी? शहरात यशस्वी झालेले आवर्तन जसेच्या तसे बस्तरच्या जंगलात नेले असते, तर यंत्र आले असते आणि तांदूळ अडला असता.

आता सरकत्या योजनेवरील त्या आक्षेपाकडे वळतो, कारण तो मला सोडत नाही. पुढच्या टप्प्यात पाहू, असे ज्या कलमाविषयी म्हटले जाते ते कलम म्हणजे कोणीतरी माणूस असतो. धानखरेदीची सारी मांडणी जमिनीच्या नोंदीवर उभी आहे: सातबारासारख्या उताऱ्यावर ज्याचे नाव, तो शेतकरी. पण छत्तीसगढात दुसऱ्याची जमीन कसणारे पुष्कळ आहेत. अर्ध्या वाट्याने कसतो तो ‘अधिया’, ठरलेल्या मोबदल्यावर कसतो तो ‘रेगहा’. मध्य प्रदेशाकडून वारशाने आलेल्या १९५९ च्या भू-राजस्व संहितेने जमीन दुसऱ्याला कसायला देण्यावर मोठी बंधने घातली, तेव्हापासून हे व्यवहार तोंडीच होतात. संगणकाला तोंडी करार दिसत नाही. पुढे काही हंगामांनी नोंदणीत रेगहा आणि बटाईदार असे वर्गही आले. म्हणजे खोडलेले कलम कोणीतरी पुन्हा यादीत घेतले, आणि त्याचे श्रेय दिले पाहिजे.

गेल्या हिवाळ्यात अभनपूर तालुक्यातील एका खरेदी केंद्रावर काही कामानिमित्त गेलो होतो. दुपारची वेळ, काट्यापाशी गर्दी. एक पन्नाशीचा माणूस कट्टे उतरवून घेत होता. हातातल्या टोकनावरचे नाव त्याचे नव्हते. रेगहा म्हणून नोंद का केली नाही, असे मी विचारले. त्याने शांतपणे सांगितले, “मालिक के नाव ले बेचथन, साहब.” मालक लिहून देत नाही, लिहून दिले तर उद्या जमिनीवर हक्क सांगशील, असे त्याला वाटते. पैसे मालकाच्या खात्यात येतात. मालक आपला वाटा ठेवून उरलेले देतो, बहुधा देतो. केंद्रावरच्या मुलाने संगणकावर तो रकाना मला उघडून दाखवला. व्यवस्थित होता, सगळ्या चौकटी जागच्या जागी. त्या केंद्रावर त्या दिवसापर्यंत त्यात एकही नाव भरलेले नव्हते.